उजवा पाय

प्रिय तिरक्या,

एवढा मोठा साहेब झालास, लोकांच्या परीक्षा घेत फिरतोस, तरी दुसऱ्या कुठल्या नावाने तुला पत्र लिहायला माझा हात तयार होत नाही. रागावू नकोस. आधी हे सांगते की आम्ही दोघंही धडधाकट आहोत. तुझ्या सरांना खरचटलंसुद्धा नाही, माझी उजव्या पायाची पोटरी तेवढी भरून आली आहे. पण परवा दुपारी आमचं विमान उतरताना उलटता उलटता राहिलं, आणि ते कशामुळे, हे मी सोडून कुणालाही ठाऊक नाही. तेव्हापासून मी घरात वावरते आहे ती कुणी परकी बाई वावरावी तशी. काल दूध उतू जात होतं आणि मी समोर उभी राहून नुसती बघत होते. आज दार ओढून घेतलं आणि किल्ली आत. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, मुलींनो, पत्राचं कारण पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणं हा उद्धटपणा आहे. आज माझ्या हातून तो उद्धटपणा होणार. कारण लिहायला गेलं की पेन अडतं. मी आपली घडलं तसं सांगत जाते, तू सांभाळून घे.

तुला आमची जेवणाच्या टेबलाची ती खुर्ची आठवत असेल, एक हात मोडलेली. अजून तीच आहे. त्या खुर्चीवर बसून किती जण उडायला शिकले! हातात माझी स्टीलची ताटली, तेच सुकाणू. पायांखाली माझ्या दोन चपला, ती पॅडलं. आणि तुझे सर घडी केलेलं वर्तमानपत्र घेऊन तुमच्या एका कानापाशी फटाफट हलवत उभे, म्हणजे वारा! मी स्वयंपाकघरातून ओरडायची, अहो, त्या मुलाला सर्दी होईल. त्यांचं ठरलेलं भाषण असायचं. समोरचा वारा म्हणजे मित्र, वेग कमी करायला मदत करतो. मागचा वारा म्हणजे आगाऊ, ढकलत सुटतो. आणि आडवा वारा म्हणजे सासरचा माणूस. त्याच्याकडे कान द्यायचा, त्याचा मान राखायचा, पण जायचं आपल्याच रस्त्याने. हे म्हणताना माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचे. मी सासरची, की तेच माझ्या सासरचे, हा हिशेब त्यांना कधी विचारला नाही.

गंमत अशी की तुम्हा सगळ्यांआधी ते मला पाठ झालं. वारा डावीकडून येत असेल तर विमानाचं नाक थोडं डावीकडे धरून, खेकड्यासारखं आडवं चालत खाली यायचं, म्हणजे वारा ढकलतो तेवढंच आपण त्याच्याकडे झुकतो आणि वाट सरळ राहते. मग जमीन अगदी जवळ आली, की पायाने नाक सरळ धावपट्टीवर आणायचं आणि त्याच वेळी हाताने डावा पंख किंचित खाली, वाऱ्याकडे. आधी एक चाक टेकेल, मग दुसरं. सगळे घोटाळा करायचे तो पायाचा. नाक डावीकडे आहे तर पाय कुठला? तुमचे चेहरे गणित न आलेल्या पोरांसारखे व्हायचे. त्यावर सरांनी एक ओळ करून दिली होती, रस्ता ज्या बाजूला दिसेल त्या बाजूचा पाय. नाक डावीकडे, म्हणजे रस्ता उजव्या हाताला दिसणार, म्हणजे उजवा पाय. पोळ्या लाटताना मी ते ऐकायची आणि ओट्याखाली माझाही उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

तू मात्र पाय विसरायचास. वाकडाच्या वाकडा येऊन आदळायचास आणि चाकं किंचाळायची. मिस्तरी हँगरच्या दारातून हात वर करून ओरडायचे, तिरक्या आला रे, टायर लपवा! त्यातून ते नाव पडलं. बाकीची पोरं एकटी उडायला लागली आणि तुला सरांनी अख्खा हंगाम एकटं सोडलं नाही. तू आमच्या मागच्या खोलीत राहायचास, आमच्या टेबलावर जेवायचास आणि त्यांच्याशी बोलायचा नाहीस. मीठसुद्धा माझ्याकडून मागायचास. मला तुझी दया यायची. एकदा मी त्यांना म्हटलं, सोडा ना आता, पोरगं झुरतंय. ते म्हणाले, झुरू दे, झुरून कुणी मरत नाही. तेव्हा मला ते फार कठोर वाटले होते.

आता परवाचं. वन्संकडे जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या गावाजवळ ती जुनी छोटी धावपट्टी आहे ना, तिथे उतरलं की वन्संचे यजमान गाडी घेऊन येतात. वर्षातून एकदोनदा आम्ही जातोच असे. तुला आमची बसायची पद्धत ठाऊक आहे. शिकवणाऱ्याने उजवीकडे बसायचं, शिकणाऱ्याने डावीकडे. आयुष्य उजव्या खुर्चीत गेल्यामुळे त्यांना डावीकडे बसलं की परक्या घरी झोपल्यासारखं वाटतं. त्यामुळे मी डावीकडे, वैमानिकाच्या जागी, मांडीवर डबा घेऊन. लोक बाहेरून बघतात तेव्हा त्यांना वाटतं बाईच चालवते आहे.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला वर नेलं तेव्हा भीतीने मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. ते म्हणाले, मिट डोळे, काही हरकत नाही, फक्त पाय त्या पॅडलांवर हलके ठेव, जोर लावू नकोस. दोन्हीकडची पॅडलं आतून जोडलेली असतात. मी इकडे दाबलं की तुझ्याकडे हलतं, तुला न बघता कळेल मी काय करतोय. तेव्हापासून मी तशीच बसत आले. डोळे पुढे उघडले, पण पाय तिथेच राहिले. त्यांचा मूड मला तळपायातून कळायचा. घरी कुणाशी खटका उडालेला असला तर पॅडल तुटक हलायचं. लेक झाली त्या वर्षी सगळं इतकं मऊ होतं की मला विमानातच झोप लागायची. एवढ्या वर्षांत मी कधी, कधीही जोर लावला नाही. दुसऱ्याचं पत्र उघडू नये तसं ते मी पाळलं.

परतताना वारा उठला. आपल्या मैदानावर आलो तर काठीवरची, वारा दाखवणारी कापडी पिशवी आडवी ताठ झालेली, डावीकडून सरळ पट्टीला छेदणारा वारा. मला काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं, कारण आडव्या वाऱ्यात त्यांचा चेहरा उजळतो. नाक डावीकडे धरून आम्ही खाली येत होतो, पट्टी माझ्या उजव्या हाताला नीट दिसत होती, ते तोंडाने शीळ घालत होते. हँगरचं छप्पर मागे गेलं. आता उजवा पाय, असं माझ्या तळपायाला वाटलं, कारण ती वेळच त्याची होती. आणि माझ्या डाव्या तळव्याखालचं पॅडल खाली गेलं.

तिरक्या, मी हे कसं लिहू? घरात तोच माणूस, तोच आवाज, आणि त्याने तुम्हाला भलत्याच नावाने हाक मारावी, तसं झालं. नाक सरळ व्हायच्याऐवजी आणखी डावीकडे फिरलं. समोरून पट्टी निघून गेली आणि काचेत गवत आलं, कुंपण आलं, मिस्तरींची सायकल आली. मी त्यांच्याकडे बघितलं. ते शांत होते. घाबरलेले नव्हते, गोंधळलेले नव्हते, जे करतोय ते बरोबरच आहे असा चेहरा, आणि पाय आणखी दाबत होते. माझा उजवा पाय गेला. नुसता गेला नाही, मी पाठ खुर्चीला टेकवून सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर टाकला. आणि पलीकडून त्यांचा पाय! एवढ्या वर्षांत ज्या पायाशी माझा कधी वाद झाला नव्हता, तो माझ्याशी भांडत होता. ताकद त्यांचीच जास्त. मग काय झालं कळत नाही, त्यांचा पाय ढिला पडला. विमान झटका देऊन सरळ झालं, एका चाकावर आपटलं, उसळलं, डबा माझ्या मांडीवरून कुठे गेला देव जाणे. आणि त्याच क्षणी त्यांचे हात कसे चालले! एका हाताने इंजिनाला पूर्ण जोर, दुसऱ्याने नाक सांभाळलेलं, आणि आम्ही परत वर. तेवढ्यात मला एकच वाक्य म्हणाले. अगं, पाय काढ!

दुसऱ्यांदा खाली आलो तेव्हा पिशवी लोंबत होती. वारा दम खायला थांबला होता. पायाचं काही कामच पडलं नाही. असे अलगद उतरले की मला टेकलेलं कळलंसुद्धा नाही.

खाली मिस्तरी धावत आले, मागून ते दातांचे डॉक्टर. हे नवे विद्यार्थी, पन्नाशीचे आहेत, दवाखाना सांभाळून रोज येतात. काय झालं, काय झालं? तुझ्या सरांनी कानावरून हेडफोन काढला आणि हसत म्हणाले, काही नाही, आमच्या सौभाग्यवतींना आज विमान चालवायची हुक्की आली. घाबरून पॅडल दाबलं बाईसाहेबांनी, ऐन टेकताना! सगळे हसले. मिस्तरी म्हणाले, काकूंना वाटलं शिलाई मशीन आहे, हाणलं पायडल! डॉक्टर म्हणाले, काकू, पुढच्या वेळी तुमचे पाय बांधून ठेवतो. मी पण हसले. मी पदराने कपाळ पुसत, डब्याचं झाकण शोधत, हसले. मला वाटलं, माणसांसमोर लाज राखायला ते असं म्हणताहेत, घरी गेल्यावर माझा हात धरतील आणि म्हणतील, आज तू होतीस म्हणून.

घरी गेल्यावर त्यांनी खरंच हात धरला. चहा त्यांनीच केला. म्हणाले, घाबरलीस ना? होतं असं. वय झालं की धीर कमी होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, अहो, तुम्ही डावा पाय दाबलात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं शिकाऊ मुलांकडे बघतात, मायेने आणि थोडं हसून. वारा कुठून होता? डावीकडून. नाक कुठे होतं? डावीकडे. मग मी कुठला पाय दाबणार? उजवाच ना? बिनचूक. माझ्या तोंडचं उत्तर त्यांनी मला दिलं. आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्याच मनात आलं, खरंच मी चुकले का? डोळे मिटून बसणारी बाई मी, मला काय कळतं? कदाचित मीच डावा दाबला असेल, भीतीने माणसाला काय काय भास होतात. तुला खोटं वाटेल, पण मला हायसं वाटलं. चूक माझी असली तर सगळं पहिल्यासारखं राहणार होतं. लोक जन्मभर शिलाई मशीन म्हणून चिडवतील, चिडवू देत.

ते हायसं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं. डॉक्टर आले होते, खुर्चीवर बसले होते, हातात ताटली, पायांखाली माझ्या चपला. तुझ्या सरांचं वर्तमानपत्र डाव्या कानापाशी चाललं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. सरांनी विचारलं, नाक डावीकडे, जमीन आली, कुठला पाय? डॉक्टर म्हणाले, उजवा. आणि तुझे सर म्हणाले, चूक. डावा.

डॉक्टरांनी ताटलीकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, हो हो, डावा, सॉरी सर. आणि डावी चप्पल दाबली! शहाणासुरता माणूस, रोज लोकांचे दात ओळीने मोजतो, बरोबर उत्तर त्याच्या तोंडात होतं आणि सरांच्या शब्दाखातर त्याने ते गिळलं. मी ट्रे दाणकन टेबलावर ठेवला. त्या आवाजाने सरांनी मान वर केली. माझा चेहरा बघितला आणि मोठ्याने हसले. म्हणाले, बघत होतो, डॉक्टर जागे आहेत की झोपलेत! अहो, सर चुकीचं सांगतील तर पाया पडून चुकीचंच करणार का? उजवाच. डॉक्टर पण सुटल्यासारखे हसले, काय सर, फिरकी घेता, म्हणाले. पण मी त्यांच्याबरोबर संसार केला आहे. फिरकी घेताना त्यांचं हसू आधी डोळ्यांत येतं. हे हसू ओठांपासून सुरू झालं होतं.

डॉक्टर दोन आठवड्यांनी पहिल्यांदा एकटे उडणार आहेत. त्यांची बायको मला बाजारात भेटली होती, म्हणाली, काकू, तुमच्या सरांवर भरवसा म्हणून मी हो म्हटलं, नाहीतर या वयात कशाला ही थेरं. मी तिला काय म्हटलं असेल? काळजी करू नका म्हटलं. हे परवाच्या आधीचं. आज भेटली तर काय म्हणेन, मला माहीत नाही.

आणि मग बूट. त्यांच्या बुटांना पॉलिश मीच करते, तुला माहीत आहे, त्यात मी कुणाला हात लावू देत नाही, आमच्या सिस्टरांनी लावलेली शिस्त. काल दुपारी ते जरा आडवे झाले होते, मी गॅलरीत कागद पसरून बूट घेऊन बसले. उजव्या बुटाच्या टोकाशी, शिवणीपाशी, पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. खोडायच्या पांढऱ्या शाईचा. मला वाटलं कुठेतरी लागला असेल, म्हणून नखाने खरवडला. खाली आणखी एक ठिपका निघाला, जुना, माझ्याच पॉलिशने काळवंडलेला. त्याच्या खाली आणखी एक. डावा बूट उलटासुलटा करून बघितला, त्यावर काही नाही. मग मी कपाटातले जुने बूट काढले. उजव्यावर ठिपका. घरातल्या सपातांवर, उजव्या. मी तशीच मांडीत बूट घेऊन बसून राहिले. म्हणजे हे परवाचं नाही. म्हणजे हे कित्येक महिने, कदाचित त्याहून जास्त, दर काही दिवसांनी हा माणूस माझी पाठ वळली की वाकून, आपल्या उजव्या पायावर खूण करत आला आहे. आणि मी दर रविवारी ती खूण काळ्या पॉलिशने बुजवत आले आहे. त्यांनी एकदाही म्हटलं नाही, बुजवू नकोस. म्हणायला गेलं तर सांगावं लागलं असतं.

आता मागचं सगळं आठवतंय. गाडी चालवताना डावीकडे वळतो असं म्हणून उजवीकडे वळायचे, मी हसायची. सदऱ्याच्या बाह्या घालताना थबकायचे. पाहुण्यांना न्हाणीघर दाखवताना हात एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. मी म्हणायची, म्हातारे झालात. तेही हसायचे. बाकी सगळं लख्ख आहे, तिरक्या. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतात. तुझ्या पहिल्या एकट्या उड्डाणाला आकाशात कुठल्या ढगाला काय आकार होता ते सांगतात. लायसन्ससाठी दर वर्षी प्रकृतीची तपासणी होते, डोळे, रक्तदाब, साखर, सगळं उत्तम, तपासणारे पाठ थोपटतात. उजवा पाय कुठला हे कुठला डॉक्टर विचारणार? जमिनीवर असताना ठिपका बघता येतो. उतरताना बुटांकडे कोण बघतं?

काल संध्याकाळी मी धीर करून म्हटलं, आता शिकवणं कमी करू या का, दोघं कुठेतरी फिरायला जाऊ. ते खिडकीशी उभे होते. म्हणाले, तुझ्या त्या एका पॅडलने एवढी घाबरलीस? आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, उडणं काढून घेतलंस तर मी या घरात नक्की काय म्हणून बसायचं, ते मला सांग. लेकीला सांगितलेलं नाही. ती मिळेल त्या गाडीने येईल आणि दारातूनच बापाशी भांडायला लागेल, आणि ते तिच्याशी जिंकतील. माझ्याशीही जिंकतात. मिस्तरींना सांगितलं तर फ्लाइंग क्लबात गवगवा होईल आणि यांना सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागेल. ते मला बघवणार नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला खाली मान घालायला लावली नाही, त्याचं मी असं करू?

आता कारण सांगते. पुढच्या आठवड्यात त्यांच्या लायसन्सची परीक्षा घ्यायला तू येणार आहेस. तूच यावंस म्हणून त्यांनी हट्टाने मागणी केली, हे मला ठाऊक आहे. तुझ्याशी फोनवर बोलत होते तेव्हा मी शेजारच्या खोलीत इस्त्री करत होते. त्यांनी तुला सांगितलं, पहाटेच ये रे, उजाडता उजाडता उरकून टाकू, मग काकूच्या हातचा नाश्ता. तू हो सर, हो सर म्हणाला असशील. तुला वाटलं असेल, सरांना तुझ्यासोबत निवांत बसायचं आहे. बाळा, उजाडताना आपल्या मैदानावर वारा नसतो. पिशवी काठीला चिकटून लोंबत असते. त्या वेळी ते तुझ्यासमोर असे उतरतील की तुझे डोळे भरून येतील, आणि तू आनंदाने सही करशील, आणि त्यानंतर डॉक्टर त्यांच्या शब्दावर एकटे वर जातील. म्हणून पहाटे येऊ नकोस. गाडी बंद पडली म्हण, ऑफिसातून निघायला उशीर झाला म्हण, काय वाटेल ते खोटं बोल, मी पाठीशी आहे. दुपारी ये, वारा पट्टीला आडवा झाला की. त्यांना तेव्हा वर ने आणि उतरायला सांग, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तुझे पाय पॅडलांवर ठेव. पाय बरोबर गेला तर या म्हातारीला वेड लागलं असं समज, मी आनंदाने वेडी होईन. चुकीचा गेला तर तू सांभाळून घे आणि सही करू नकोस. दुसरी बाई असती तर नवऱ्याला पास कर म्हणून लिहिलं असतं. मी माझ्या माणसाला नापास कर म्हणून तुझे पाय धरते आहे. माझं ते ऐकणार नाहीत, लेकीचं नाही, डॉक्टरचं नाही. वाऱ्याचं मात्र त्यांनी आयुष्यभर ऐकलं आहे. ते तुझ्यावर चिडतील, कदाचित मला तोंड दाखवू नकोस म्हणतील, आणि हे पत्र मी लिहिलं हे तुला जन्मभर पोटात ठेवावं लागेल. एवढं ओझं मी दुसऱ्या कुणावर टाकू? आणि परीक्षा झाली की तसाच परत जाऊ नकोस. रात्री आमच्याकडे जेव. ते बोलत नसले तरी जेव. बोलत नसले तर नक्कीच जेव.

वाट बघते.

तुझीच,
काकू